शिक्षिकेचे स्मरण : बेगम रोकेया यांच्या निमित्ताने

आपल्याकडे एखादी शिक्षिका वारली की काय होते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. जनाज्याला मोहल्ला लोटतो. जियारतीच्या दिवशी कुराणख्वानी होते. चाळिसाव्याला देगी चढतात. शाळेत दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली वाहिली जाते आणि स्थानिक वर्तमानपत्रात फोटोसह चार ओळी येतात. त्या ओळींतली विशेषणेही ठरलेली असतात : मनमिळाऊ, सेवाभावी, दीनदार, विद्यार्थिप्रिय. वर्षभराने घर आवरताना तिच्या वह्या, हजेरीपत्रकांच्या नकला, मुलींनी लिहिलेली पत्रे रद्दीत जातात. मग तिने नेमके काय शिकवले, कोणाच्या दारात किती वेळा जाऊन मुलगी मागून आणली, कोणत्या गोष्टीवर ती अडून बसली आणि कोणत्या गोष्टीपुढे तिने मान तुकवली, हे सांगणारे कोणी उरत नाही. मगफिरतीची दुआ मागितली जाते, ती मागायलाच हवी. पण दुआ अल्लाहकडे पोचते. तिचे काम पुढच्या मुलीपर्यंत पोचायचे तर कोणीतरी कागदावर लिहावे लागते.

या प्रश्नाकडे आम्ही एका उदाहरणातून पाहू इच्छितो. उदाहरण बंगालचे आहे. रोकेया सखावत हुसैन हे नाव मराठी मुस्लिम वाचकाला अगदीच अनोळखी नाही. 'सुलतानाज ड्रीम' ही त्यांची इंग्रजी कथा अनेकांनी ऐकलेली असते. 1905 साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये ती प्रसिद्ध झाली. पुरुष मर्दान्यात कोंडलेले आणि राज्यकारभार, विज्ञान, शेती स्त्रियांच्या हातात, असा तिचा उलटा संसार. पण रोकेया कथालेखिका म्हणून जितक्या मोठ्या, तितक्याच शिक्षिका म्हणूनही मोठ्या होत्या. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांच्या बाबतीत स्मरणाची एक साखळीच सापडते. रोकेयांनी आपल्याला अक्षर शिकवणाऱ्या बहिणीबद्दल तिच्या मृत्यूनंतर लिहिले. आणि रोकेया गेल्यावर त्यांच्या हाताखाली घडलेल्या तरुण स्त्रीने त्यांचे चरित्र लिहिले. शिकवणारीबद्दल शिकणारीने लिहिणे, हे लागोपाठ दोन पिढ्या घडले. मुसलमान समाजात ही गोष्ट दुर्मीळ आहे. म्हणून ती नीट तपासली पाहिजे.

पहिला दुवा करीमुन्निसा. रोकेयांचा जन्म 1880 सालचा, रंगपूर जिल्ह्यातल्या पायराबंद गावी, एका जमीनदार घराण्यात. घरात अरबी-फारसीचा मान होता, मुलींनी कुराणाचे पठण करावे इथवर परवानगी होती. बंगाली ही मात्र शरीफ घरातल्या मुलींनी शिकण्याची भाषा मानली जात नव्हती, इंग्रजीचे तर नावच नको. थोरले भाऊ इब्राहीम साबेर रात्री घर निजल्यावर मेणबत्तीच्या उजेडात बहिणीला शिकवीत, ही हकीकत पुष्कळांना माहीत असते. बहीण करीमुन्निसा यांची हकीकत कमी सांगितली जाते. त्या रोकेयांपेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या. भावांचा अभ्यास चाललेला ऐकून त्यांनी अंगणातल्या मातीवर बंगाली अक्षरे गिरवली. वाचताना पकडल्या गेल्या. नातेवाइकांत चर्चा सुरू झाली, शिक्षण थांबले आणि पंधरावे वर्ष लागायच्या आत लग्न झाले. पुढे त्यांचे दोन मुलगे अब्दुल करीम आणि अब्दुल हलीम गझनवी बंगालच्या राजकारणात नावारूपाला आले. मुलांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत आहेत. आईचे नाव आज आपल्याला माहीत असण्याचे मुख्य कारण तिची धाकटी बहीण आहे.

रोकेयांनी 'मोतीचूर' या आपल्या निबंधसंग्रहाचा दुसरा भाग 1922 साली काढला आणि तो करीमुन्निसांना अर्पण केला. ही अर्पणपत्रिका आम्हाला फार मोलाची वाटते. तिच्यात रोकेया सांगतात की बंगाली वर्णमाला त्यांना या बहिणीने शिकवली. लग्नानंतर भागलपूरला उर्दूभाषक घरात वर्षानुवर्षे काढली, बंगाली बोलायला माणूस मिळत नसे. त्यानंतर कलकत्त्यात उर्दू शाळा चालवण्यात वर्षे गेली. तरीही आपण बंगाली विसरलो नाही, याचे श्रेय त्या बहिणीला देतात. 1926 साली करीमुन्निसा वारल्या. त्यानंतर रोकेयांनी त्यांच्यावर 'लुकानो रतन' हा लेख लिहिला. त्याचा अर्थ लपलेले रत्न. या लेखात त्यांनी बहिणीच्या गुणांची यादी देऊन डोळे पुसलेले नाहीत. एका हुशार मुलीला अक्षराची ओढ होती, तिच्या आसपासच्या माणसांनी ती ओढ कशी दाबली, तरी म्हातारपणापर्यंत ती कशी शिकत राहिली, हे त्या सांगतात. उतारवयात करीमुन्निसा अरबी शिकायला बसल्या होत्या. लेख वाचून मनात राहतो तो प्रश्न असा : या बाईला शाळा मिळाली असती तर काय झाले असते?

मृत व्यक्तीबद्दल लिहिण्याची ही रीत आमच्या मते अनुकरणीय आहे. आपल्याकडे मरणानंतर राग व्यक्त करणे असभ्य मानतात. 'मेलेल्याचे चांगलेच बोलावे' या नियमाचा अर्थ आपण असा करून घेतला आहे की, मेलेल्याला ज्यांनी छळले त्यांच्याबद्दलही चांगलेच बोलावे. रोकेयांनी तसे केले नाही. बहिणीवरच्या प्रेमातूनच त्यांचा राग आला आहे आणि तो व्यक्तींवर न राहता रिवाजावर जातो. स्मरणलेख आणि समाजचिकित्सा या दोन गोष्टी त्यांना वेगळ्या वाटत नाहीत.

दुसरा दुवा खुद्द रोकेया. त्यांचे पती सय्यद सखावत हुसैन सरकारी अधिकारी होते. पत्नीच्या लेखनाला त्यांनी प्रोत्साहन दिले आणि मुलींच्या शाळेसाठी दहा हजार रुपये राखून ठेवले. 1909 साली ते वारले. दोन मुली तान्हेपणीच गेल्या होत्या. तीस वर्षेही पुरी न झालेल्या या विधवेने त्याच वर्षी भागलपूरला पाच मुली घेऊन शाळा उघडली. घरगुती वादामुळे गाव सोडावे लागले. 1911 साली कलकत्त्याच्या वलीउल्लाह लेनमध्ये आठ मुलींवर ती पुन्हा सुरू झाली. सखावत मेमोरियल गर्ल्स स्कूल ते हेच. ज्या बाईने स्वतः विद्यार्थिनी म्हणून शाळेची पायरी कधी चढली नव्हती, ती मुख्याध्यापिका झाली. 1916 साली त्यांनी अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम ही स्त्रियांची संघटना काढली. 9 डिसेंबर 1932 च्या पहाटे त्या वारल्या. टेबलावर 'नारीर अधिकार' हा अपुरा लेख होता. आदल्या रात्रीपर्यंत त्या लिहीत होत्या. विषय होता, उत्तर बंगालमध्ये नवरे बायकांना किती सहज तलाक देतात, हा. त्यानंतर 34 वर्षांनी, 1966 साली, हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला तो याच प्रश्नावर. बंगालातले एक अपुरे पान आणि मुंबईतला तो लहानसा मोर्चा यांना जोडणारा धागा आपल्या लेखकांनी अजून पुरेसा दाखवलेला नाही.

तिसरा दुवा शम्सुन्नाहार महमूद. जन्म 1908. चितगावच्या शाळेत शिकत होत्या. वयात येऊ लागताच शाळा बंद झाली, म्हणजे करीमुन्निसांची गोष्ट अर्ध्या शतकानंतर पुन्हा घडली. फरक एवढाच की आता बाहेर वाट होती. त्यांनी घरी बसून अभ्यास केला, 1926 साली मॅट्रिक केले आणि 1932 साली बी.ए. झाल्या. त्या पदवीबद्दल रोकेयांनी त्यांचा सत्कार घडवून आणला. त्याच वर्षाच्या अखेरीस रोकेया गेल्या. शम्सुन्नाहार त्यांच्या शाळेच्या विद्यार्थिनी नव्हत्या. रोकेयांच्या बरोबर अंजुमनच्या कामात उभे राहून त्या शिकल्या. पुढे त्यांनी भाऊ हबीबुल्लाह बहार यांच्याबरोबर 'बुलबुल' हे नियतकालिक चालवले आणि लेडी ब्रेबर्न कॉलेजात शिकवले. 1937 साली, म्हणजे रोकेया गेल्यावर पाच वर्षांनी, त्यांनी 'रोकेया जीवनी' प्रसिद्ध केली. रोकेयांचे हे पहिले चरित्र. रोकेयांच्या बालपणाबद्दल, शाळेच्या पहिल्या दिवसांबद्दल, अंजुमनच्या बैठकांबद्दल पुढच्या अभ्यासकांनी जे लिहिले, त्याचा मोठा भाग या पुस्तकावर उभा आहे.

या पुस्तकाने काय साधले, हे एका लहानशा प्रसंगावरून ध्यानात येते. अंजुमनच्या सभेला घरोघर फिरून बायकांना बोलावून आणावे लागे. अशीच एक बाई सभेला आली, शेवटपर्यंत बसली आणि निघताना तक्रार करू लागली की, सभेच्या नावाने मला घराबाहेर काढलेत, पण सभा काही दिसली नाही. तिला वाटले होते, सभा ही बघण्याची वस्तू असते. अहवालात असली गोष्ट कधी येत नाही. अहवालात 'सभेस महिलांची उपस्थिती समाधानकारक होती' एवढेच येते. शेजारी उभ्या राहिलेल्या शिष्येला मात्र ती आठवते, कारण ती हसली असेल, घरी जाऊन तिने ती सांगितली असेल आणि नंतर तिच्या लक्षात आले असेल की आपल्या उस्तानीला नेमके कुठून सुरुवात करावी लागली ते यात आहे. 'सभा' या शब्दाचा अर्थही जिथे ठाऊक नव्हता, तिथे संघटना बांधायची होती. शंभर विशेषणे वापरूनही हे सांगता आले नसते.

म्हणून आम्ही म्हणतो, शिक्षिकेचे खरे स्मरण तपशिलात असते, आणि तो तपशील तिच्या जवळच्यांपाशीच असतो. बाहेरचा संशोधक पन्नास वर्षांनी येतो, त्याला कागद सापडले तर सापडतात. शिष्येपाशी आवाज असतो, सवयी असतात, चिडणे असते. ती पाच-दहा वर्षांत लिहिती झाली नाही, तर ते सारे तिच्याबरोबर जाते.

पण शिष्येच्या लेखनाला एक धोका असतो, तोही सांगितला पाहिजे. प्रेमाने लिहिणारा माणूस आपल्या गुरूला वाचवू पाहतो. कडवट बाजू झाकतो, तडजोडी गाळतो, वादाची पाने उलटून पुढे जातो. रोकेयांच्या बाबतीत अशी गाळण्याची सोय भरपूर होती आणि नंतरच्या गौरवकारांनी ती वापरलीही. बंगाली मुलुखात त्यांना 'नारी जागरणाची अग्रदूत' म्हणतात. पदवी खरी आहे. पण पदवी मिळाली की माणसाला प्रश्न विचारणे थांबते. दोन ठिकाणी हे विशेष जाणवते.

पहिले ठिकाण त्यांच्या एका निबंधाचे. 1904 साली 'नवनूर' मासिकात त्यांचा 'आमादेर अवनति' हा लेख आला. त्यात त्यांनी स्त्रियांच्या दागिन्यांना गुलामीच्या बेड्या म्हटले होते आणि त्याहून पुढे जाऊन धर्मग्रंथांच्या नावाने पुरुषांनी स्त्रीवर सत्ता चालवली, असे बजावले होते. लेखावर वाद झाला. हाच लेख 'मोतीचूर'च्या पहिल्या भागात 'स्त्रीजातिर अवनति' या नावाने आला, तेव्हा धर्मग्रंथांविषयीचे पाच परिच्छेद त्यात नव्हते. वगळलेला मजकूर नंतरच्या संशोधकांनी पुन्हा उजेडात आणला. आता या गाळलेल्या परिच्छेदांचे काय करायचे? एक पक्ष म्हणतो, खऱ्या रोकेया त्याच, बाकी सारा नाइलाज. दुसरा पक्ष म्हणतो, त्यांनी स्वतः काढले, मग आपण का उकरायचे. आम्हाला दोन्ही पक्ष सोयीचे वाटतात. इस्लामने मुलींना शिक्षणाचा हक्क दिला आहे आणि मुसलमानच तो नाकारतात, असे रोकेया आयुष्यभर सांगत राहिल्या. कुराण पोपटासारखे पाठ न करता अर्थ समजून शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता. त्या मुसलमान होत्या, चिडलेल्या मुसलमान होत्या आणि कुठे थांबायचे याचा हिशेब ठेवणाऱ्याही होत्या. हे तिन्ही एकत्र दाखवणारे लेखन आम्हाला हवे आहे. लिहिलेले आणि काढलेले दोन्ही समोर ठेवले, तरच एका लेखिकेला त्या काळी काय किंमत मोजावी लागत होती ते कळेल.

दुसरे ठिकाण पडद्याचे. 'अवरोधवासिनी' हे रोकेयांचे 1931 सालचे पुस्तक म्हणजे पडद्यात कोंडलेल्या स्त्रियांच्या 47 लहान-लहान हकीकती. काही वाचताना हसू येते आणि लगेच गळ्याशी येते. यातली शेवटची हकीकत त्यांच्या स्वतःच्या शाळेची आहे. मुलींना आणण्यासाठी मोटारगाडी घेतली. पालकांच्या समाधानासाठी ती अशी बंद केली की आत काळोख आणि वारा नाही. मुली घाबरल्या, ओकल्या, बेशुद्ध पडल्या. मग झडपा काढून पडदे लावले. लगेच पत्रे आली : वाऱ्याने पडदे उडतात, गाडी बेपर्दा होते, सुधारणा न झाल्यास वर्तमानपत्रांतून शाळेची बदनामी करू. पत्रे लिहिणारे स्वतःला दीनबंधू म्हणवीत होते. रोकेयांची अवस्था अशी की गाडी बंद ठेवावी तर मुली मरतात, उघडी ठेवावी तर शाळा मरते.

या हकीकतीत त्यांनी आपली कोंडी लपवली नाही. सार्वजनिक कामात त्या स्वतः पडदा पाळत. बुरख्यावरच्या लेखात त्यांनी शालीन पडदा आणि कोंडवाडा यांत फरक केला, पहिल्याची बाजू घेतली आणि दुसऱ्यावर प्रहार केला. आजच्या वाचकाला यात विसंगती दिसेल. कोणी म्हणेल त्या डरल्या, कोणी म्हणेल त्या आपल्याच बाजूच्या. आम्ही एवढेच म्हणू की, ज्यांनी शाळा चालवली आहे त्यांना ही विसंगती कळते. लेख लिहिणाऱ्याला एक वाक्य कमी-जास्त करता येते. शाळा चालवणारीला उद्या सकाळी गाडी पाठवायची असते आणि दारात मुलगी उभी राहायला हवी असते. तडजोड झाकली तर आपण शिक्षिकेला तिच्या कामापासून तोडतो आणि भिंतीवरच्या तसबिरीत बसवतो.

इथे भाषेच्या प्रश्नाकडे वळणे भाग आहे, कारण तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे. रोकेयांनी लिहिले प्रामुख्याने बंगालीत, शाळा मात्र चालवली उर्दूत. कलकत्त्यातल्या ज्या मुसलमान घरांतून मुली मिळण्याची शक्यता होती, तिथे उर्दूची प्रतिष्ठा होती. त्यांनी बंगालीसाठी धडपड केली, पण मुली मिळणे कठीण जाई. करीमुन्निसांना वाहिलेली अर्पणपत्रिका या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. मुसलमान असणे आणि बंगाली असणे यांत त्यांना भांडण दिसत नव्हते, समाजाला मात्र दिसत होते. आपल्याकडे 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत मांडला गेला : आम्ही घरात, शेतात, बाजारात मराठी बोलतो, मग लिहिताना संकोच का? उर्दूशी वैर नको आणि मातृभाषेची लाजही नको, ही भूमिका आपण चर्चेने, ठरावांनी घडवली. रोकेयांनी ती एका बहिणीच्या ऋणातून घडवली. दोन्हींची तुलना करून कोण पुढे, कोण मागे हे ठरवण्यात अर्थ नाही. भाषा कोणीतरी बोट धरून शिकवलेली असते आणि ते बोट बहुधा बाईचे असते, हे मात्र आपल्या ठरावांत राहून गेले.

आता आपल्या घराकडे पाहू. फातिमा शेख यांचे नाव आपल्या प्रत्येक कार्यक्रमात घेतले जाते, फोटोला हार घातला जातो. पण त्यांच्याबद्दल समकालीन लेखी पुरावा म्हणून आपण दाखवतो काय? सावित्रीबाईंनी नायगावहून 10 ऑक्टोबर 1856 रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रातला ओझरता उल्लेख. आपल्या आजारपणात फातिमावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. 2025 च्या जानेवारीत समाजमाध्यमांवरून कोणी जाहीर केले की फातिमा शेख नावाची बाई झालीच नाही, तेव्हा मराठी माणसे हेच पत्र घेऊन उभी राहिली. बरे झाले, पत्र होते. पण एका शिक्षिकेचे अस्तित्व सिद्ध करायला एका पत्रातली एखाददुसरी ओळ उरावी, ही आपल्या स्मरणशक्तीची शोभा नव्हे. फातिमांच्या हाताखाली शिकलेल्या मुली असतीलच. त्यांतल्या कोणाचे लेखन आपल्यापर्यंत आले नाही. त्यांना शम्सुन्नाहार मिळाली नाही. आणि त्या पत्रातही उस्तानीचे नाव टिकले ते दुसऱ्या शिक्षिकेने ते लिहिले म्हणून.

म्हणजे पुन्हा तेच. करीमुन्निसा टिकल्या कारण रोकेयांनी लिहिले. रोकेया टिकल्या त्या त्यांच्या पुस्तकांमुळे आणि शाळेमुळे, पण त्यांचे चालतेबोलते रूप टिकले ते शम्सुन्नाहारांमुळे. फातिमांचे नाव टिकले कारण सावित्रीबाईंनी एका पत्रात त्यांची काळजी केली. समाजाने, अंजुमनांनी, संस्थांनी नंतर हार घातले, इमारतींना नावे दिली. ढाका विद्यापीठात रोकेया हॉल आहे आणि शम्सुन्नाहार हॉलही आहे. गुरू आणि शिष्या अशा एकाच आवारात मुलींची वसतिगृहे होऊन राहिल्या, याचा आनंद वाटतो. पण नाव देण्याआधी कोणीतरी लिहून ठेवावे लागते, हा क्रम विसरता येत नाही.

आपल्या वार्षिकांतून, स्मरणिकांतून, गौरवग्रंथांतून जे स्मरणलेख येतात त्यांच्याबद्दल आमचे म्हणणे थोडक्यात असे. पुष्कळ लेख लिहिणाऱ्याबद्दलच असतात : बाईंनी माझी पाठ थोपटली, बाईंमुळे मी साहेब झालो. दुसऱ्या प्रकारच्या लेखांत बाई फरिश्ता होतात, त्यांना भूक लागत नाही, पगाराची चिंता नसते, त्या कोणाशी भांडत नाहीत. तिसऱ्या प्रकारात त्या समाजाच्या अब्रूचा दाखला होतात : पाहा, आमच्यातही शिकलेल्या बायका आहेत. तिन्ही प्रकारांत शिक्षिका हरवते. चांगल्या स्मरणलेखाने साधे प्रश्न विचारावेत. ती कोणत्या साली, कोणत्या गल्लीत, किती मुलींवर शाळेत रुजू झाली? मुली कोणत्या इयत्तेत गळत आणि तिने त्यावर काय केले? तिला कोणी विरोध केला? ती कुठे नमली? ती काय वाचत होती, तिला स्वतःला कोणी शिकवले? आणि तिने लिहिलेले काही उरले असेल, तर ते कुठे आहे?

शेवटचा प्रश्न सर्वांत निकडीचा. 1973 साली ढाक्याच्या बांगला अकादमीने अब्दुल कादिर यांच्या संपादनाखाली 'रोकेया रचनावली' काढली, तेव्हा त्यांच्या मृत्यूला चाळीस वर्षे होऊन गेली होती. तरीही ते काम होऊ शकले, कारण रोकेया छापून आल्या होत्या. आपल्या शिक्षिका बहुधा छापून आलेल्या नाहीत. त्यांचे लेखन म्हणजे फळ्यावरचे अक्षर, संध्याकाळी पुसले जाणारे. त्यांची रचनावली विद्यार्थिनींच्या आठवणींतच आहे.

रोकेया कलकत्त्याजवळच्या सोदपूरला दफन झाल्या. त्यांच्या कबरीची जागाही पुढे बराच काळ विस्मरणात गेली होती. ज्या शहरात त्यांनी शाळा उभी केली, त्या शहराच्या उशाशी हे घडले. शाळा मात्र चालू राहिली, आजही आहे, सरकारी हायस्कूल म्हणून. कबर हरवू शकते, कबरीवरचा दगडही हरवू शकतो. रोकेयांनी आपल्या बहिणीला लपलेले रत्न म्हटले तेव्हा त्यांना समाजाला विचारायचे होते की, लपवले कोणी? आज आपल्या गल्लीत, आपल्या तालुक्यात जी शिक्षिका नुकतीच गेली, तिच्याबद्दल कोणी लिहिले नाही, तर त्या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल. तिच्या वह्या अजून तिच्या घरी असतील. चाळिसावा होण्याआधी जाऊन त्या मागाव्यात.